वैजूने मागितलेला चहा

वैजूला जाऊन आता सात आठवडे झाले. ती जाणार आहे हे मला कळलं ते तिच्याकडून नाही, तिच्या नवऱ्याकडून नाही, लेकीकडूनही नाही. पेंडल हिल स्टेशनसमोरच्या किराणा दुकानात मी चहाचं पाकीट आणि पोह्यांची पिशवी काउंटरवर ठेवली, तेव्हा दुकानातल्या आंटींनी एकदम माझा हात धरला. "बेटा, सुनके बहुत बुरा लगा," त्या म्हणाल्या. "प्रसाद आया था नारियल पानी लेने. बोल रहा था, डॉक्टर ने अब घर पे ही रखने को बोला है." प्रसाद म्हणजे वैजूचा नवरा. मला आधी वाटलं, त्याच्या आईबद्दल बोलतायत, त्या नाशिकला असतात आणि सतत आजारी असतात. मी विचारलं, किसको? आंटी माझ्याकडे बघतच राहिल्या. "वैजू को," त्या म्हणाल्या. मी मान हलवली, मला सगळं ठाऊक आहे अशी. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. जिच्याबरोबर मी ह्या देशात एका गादीवर झोपून दिवस काढले, तिचं मरण मला दुकानात कळत होतं, आणि तेसुद्धा चुकून. मी चहाचं पाकीट उचललं, मागच्या फळीवर परत ठेवलं आणि फक्त पोहे घेऊन बाहेर पडले.

वैजू म्हणजे वैजयंती. ती साताऱ्याची, मी ठाण्याची. बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी स्टुडंट म्हणून ह्या देशात आलो आणि टूनगॅबीच्या एका घरातल्या एका खोलीत येऊन पडलो. घरात आम्ही सात जणी, गॅसच्या शेगड्या चार आणि चहाचं पातेलं एकच, तेही वैजूचं. त्यामुळे सकाळी त्या घरावर वैजूचं राज्य असायचं. ती चहा ठेवायची आणि बाकीच्या आम्ही कप घेऊन रांगेत उभ्या राहायचो. साखर किती हे ती कुणालाही विचारायची नाही. "माझ्या हातचा प्यायचाय ना? मग गप प्यायचा," म्हणायची. पुढे मला शिवणकामाने हात दिला आणि एका शॉपिंग सेंटरमध्ये आल्टरेशनचं छोटं दुकान मिळालं. ती लहान मुलांच्या डे-केअर सेंटरमध्ये लागली आणि तिथेच रमली. तिने लग्न केलं, मी केलं आणि मोडलं. तिने गिरावीनला घर घेतलं, मी पेंडल हिलला युनिट, म्हणजे छोटा फ्लॅट. पण रविवारची दुपार आमची राहिली. युनिटच्या दुसऱ्या खोलीत माझं मशीन आहे. रविवारी मी तिथे आपल्या बायकांचे ब्लाउज आणि कुर्ते घेऊन बसते. वैजू यायची, घरून आणलेला गवती चहा घालून माझ्याच स्वयंपाकघरात चहा करायची आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसून जगातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायची. कप ठेवायची तो माझ्या मापांच्या वहीवर. तिथे टेबल होतं, खिडकीची कड होती, पण नाही, वहीवरच. दर रविवारी मी ओरडायचे आणि दर रविवारी वहीच्या पानावर एक तपकिरी गोल उमटायचा.

चार वर्षांपूर्वी तिची एक किडनी काढली. गाठ निघाली होती, वाईट निघाली, पण वेळेवर निघाली असं सगळे म्हणाले. वैजू महिन्याभरात उठून कामावर गेली. "एक गेली, एक आहे. एका पातेल्यावर आपण सात जणी जगलो," म्हणायची. मग दोन वर्षांनी नेहमीच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत डाग दिसले. त्यातल्या एकाचा तुकडा काढून तपासला, तर तेच. डॉक्टर म्हणाले, डाग लहान आहेत, सावकाश वाढणारे वाटतात. तीन महिन्यांनी पुन्हा एक स्कॅन करू आणि मग गोळ्या सुरू करू. तीन महिने काहीही न करता बसायचं, हे मला पटेना.

आमच्या घरी एक पद्धत होती. कुणी फार आजारी पडलं की माझी आई काहीतरी सोडायची. देवासमोर उभी राहायची, आवडीची एक गोष्ट मनातल्या मनात ठेवून द्यायची, आणि माणूस बरं होईपर्यंत त्याला हात लावायची नाही. बाबांच्या वेळी तिने भात सोडला होता, माझ्या टायफॉइडच्या वेळी आंबा. मी स्वतःला मोठी शहाणी समजते, उपासतापास करत नाही, पण त्या संध्याकाळी घरी आले, देवाच्या फोटोसमोर उभी राहिले आणि चहा सोडला. ज्या बाईला सकाळी दोन कप पोटात गेल्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, तिने. पुढच्या रविवारी मी कप पुढे सरकवला तेव्हा वैजूला सांगावंच लागलं. ती खो खो हसली. "नंदे, तू चहा सोडून माझे डाग जाणार असतील, तर त्या डॉक्टरने इतकी वर्षं अभ्यास कशाला केला?" हसली खरी, पण मग तिने माझा कप उचलला आणि तोही स्वतःच पिऊन टाकला.

तीन महिन्यांनी स्कॅनच्या रिपोर्टला प्रसादला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावली. आधीच्या चित्रात डाग मला सुद्धा दिसत होते. नव्या चित्रात त्यांनी बोट ठेवून दाखवले तरी शोधावे लागत होते, आणि दोन तर गेलेच होते. अजून एकही गोळी पोटात गेली नव्हती. डॉक्टर स्वच्छ बोलले, हे मला आज कबूल करायला हवं. ते म्हणाले, मी काही केलेलं नाही, तुम्हीही काही केलेलं नाही. असं फार थोड्या लोकांच्या बाबतीत होतं, शरीरच आतून काहीतरी करत असावं, पण नक्की काय ते आम्हाला माहीत नाही. टिकेलच असं सांगता येत नाही, तेव्हा दर तीन महिन्यांनी येत राहा. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, असं वैजू नंतर म्हणायची. मला एकदाही ऐकू आलं नाही. मी मध्येच इंग्रजीत म्हणाले, काहीच केलं नाही असं कसं, मी चहा सोडला होता. डॉक्टर हसले. "देन गो होम अँड हॅव अ कपा," म्हणाले, मग घरी जा आणि कपभर चहा घ्या. त्या दुपारी गिरावीनला, तिच्या मागच्या अंगणात, वैजूने कुंपणालगतच्या बेटातून गवती चहाची पात कापली आणि मला चहा करून दिला. मी प्यायले आणि हमसून हमसून रडले. वैजू रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती... तेव्हा मला वाटलं, कौतुकाने.

आणि मग मी ती चूक केली. मी सगळ्यांना सांगितलं. दुकानात, ट्रेनमध्ये, माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर कुणीतरी माझ्या हातात माईक दिला, "नंदाताई, तो अनुभव सांगा ना," आणि मी सांगितला. नवस, तीन महिने, दोन चित्रं, चहा. हॉलभर टाळ्या पडल्या. वैजू तिसऱ्या रांगेत बसली होती. लोक वळून तिच्याकडे बघत होते, आणि ती बसल्या जागी छोटी होत होती. घरी जाताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "नंदे, आता मला बरंच राहावं लागणार." मी म्हणाले, मग राहा की!

त्यानंतर तिच्याकडे लोकांची रीघ लागली. तुम्ही काय घेतलंत? वैजू सांगायची, काही नाही. लोकांना ते पटेना. कुणी म्हणालं हळद घेतली असणार, कुणी म्हणालं गव्हांकुर. काहीच नाही म्हणते म्हणजे औषध लपवते आहे, असंही कुणी बोललं. शेवटी गावाने ठरवलं की औषध म्हणजे तो गवती चहा. माणसं पिशव्या घेऊन यायला लागली. वैजू नाही म्हणायची, मग कंटाळून खुरपं द्यायची. महिन्याभरात कुंपणालगतचं ते बेट निम्मं झालं. एकदा टूनगॅबीहून एक बाई आली. तिच्या नवऱ्याची केमो सुरू होती, त्याला सोसवत नव्हती. ती विचारत होती, थांबवू का, आणि हे देऊ का? वैजूने तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि पाच मिनिटांत स्पष्ट सांगितलं, माझं आपोआप गेलं, का गेलं कुणालाच माहीत नाही, उद्या परत येईल. तुम्ही काहीही थांबवायचं नाही. ती बाई चाचरायला लागली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू स्वतः गाडी घेऊन गेली आणि दोघांना हॉस्पिटलात सोडून आली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच मला राग येतो. ज्या बाईला परक्यांना खरं सांगायला पाच मिनिटं पुरली, तिला मला सांगायला आठ महिने पुरले नाहीत.

आठ महिने. डाग परत आले होते, फुप्फुसांत आणि हाडांतही. औषध सुरू झालं होतं, दर तिसऱ्या गुरुवारी हॉस्पिटलात सलाइन. प्रसादला माहीत होतं, लेकीला, इराला माहीत होतं, तिच्या सेंटरमधल्या पोरींना माहीत होतं. ह्या आठ महिन्यांत ती माझ्याकडे रविवारी येत राहिली, चहा करत राहिली, आणि मी... मी तिचं माप घेत राहिले. फेब्रुवारीत ती दोन कुर्ते घेऊन आली, सैल होतायत म्हणाली. मी टेप लावली. कंबर तेहतीसची एकतीस झाली होती. मी म्हणाले, जिम लावलीस की काय गुपचूप? ती म्हणाली, हो. एप्रिलमध्ये तीस. मी म्हणाले, मलाही घेऊन जा. जूनमध्ये जांभळ्या साडीचा ब्लाउज घेऊन आली तेव्हा साडेअठ्ठावीस, आणि मी तिला आरशासमोर उभी करून म्हणाले, बघ, टूनगॅबीतली वैजू परत आली. ती आरशात माझ्याकडे बघून हसली. माणसाच्या अंगावर कापड कसं बसतं हे बघण्यात माझा जन्म गेला. खांदा उतरलेला मला पाठीमागून कळतो, पोटातलं मूल मला आईच्या आधी कळलंय. आणि मी तिच्या बाजूच्या शिलाया आत घेत बसले होते, वर स्वतःच्या सफाईवर खूश. मग तीन रविवार ती आलीच नाही. इराची परीक्षा आहे म्हणाली. इरा बारावीत, परीक्षा खरंच होती. चांगलं खोटं बोलणारी माणसं अर्धं खरं बोलतात.

दुकानातून मी तशीच गिरावीनला गेले. दार प्रसादने उघडलं आणि खाली मान घातली. मी म्हणाले, प्रसाद, तू तरी. तो म्हणाला, तिने शपथ घातली होती. पुढच्या खोलीत हॉस्पिटलचा पलंग मांडलेला होता आणि त्यावर वैजू होती. मी शिवलेला कुर्ता पुन्हा तिच्या अंगावर सैल झाला होता.

"आंटींनी सांगितलं ना?" ती म्हणाली. "प्रसादच्या पोटात काही राहत नाही."

"आठ महिने, वैजू. मी टेप लावून तुझं माप घेत होते."

"हं. छान घेत होतीस."

मला तिला हलवावंसं वाटत होतं, खांद्याला धरून, आणि धरायला खांदा उरला नव्हता. इराने चहाचे दोन कप आणले. आईने आधीच सांगून ठेवलं असावं, मी आले की ठेव म्हणून. गवती चहाचा वास खोलीभर झाला. मी म्हणाले, मला नको. वैजूने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. दुकानात पाकीट परत फळीवर ठेवताना मी मनात काय केलं होतं, ते तिला न सांगता कळलं.

"सोडलास?"

मी कप लांब सरकवला.

"म्हणूनच सांगितलं नव्हतं गं," ती म्हणाली. मग थांबत थांबत बोलली. "घरात मी पेशंट. सेंटरवर पेशंट. तुझ्या त्या खोलीत आले की नुसती वैजू. तू ओरडायचीस, कप वहीवर ठेवू नको म्हणून. मला तेवढी एक जागा पाहिजे होती... आणि मागच्या वेळी मी तुझ्या चहाने बरी झाले नाही, नंदे. ह्या वेळी नाही झाले, तर तेही तुझ्या चहावर यायला नको. तू जन्मभर मोजत बसशील, काय कमी सोडलं म्हणून. पी ना. एक कप. माझ्यासमोर पी."

मी प्यायले नाही. मी म्हणाले, बरी हो, मग पिईन. एकदा झालं होतं, दोन चित्रं मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती, मग दुसऱ्यांदा का होणार नाही? त्या डॉक्टरांना तरी कुठे माहीत होतं? वैजूने डोळे मिटून घेतले. कपावर साय धरली. थोड्या वेळाने इराने तो उचलून नेला.

पुढचे अकरा दिवस मी रोज गेले. तिचे पाय दाबले, केस विंचरले, तिच्या आवडत्या बायकांची निंदा केली. तिने पुन्हा चहाचं नाव काढलं नाही. एका गुरुवारी सकाळी ती गेली.

लोक मला म्हणतात, तिने तुला दुःखातून वाचवलं. वाचवलं कुठे, आठ महिन्यांचं एकदम दिलं. तिने सांगितलेलं कारण मला पटतं. पण कारण पटलं म्हणून राग जातो हे कुणी सांगितलं? तिला एक जागा हवी होती जिथे ती बरी आहे. ठीक, पण ती जागा म्हणजे मी होते ना? मला विचारलं होतं का? तिने आरशासमोर उभं राहून मला फसवलं. प्रसादने फसवलं. आधी बरं होऊन दाखवणाऱ्या तिच्या शरीराने तर सगळ्यांनाच फसवलं. आणि रांगेत शेवटी मी उभी आहे, कारण तिने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, एक कप चहा, आणि मी तिला तिच्या तोंडावर नाही म्हणाले. ती माणूस मागत होती, मी चमत्कार मागत बसले. नवस पुरा झाला की फेडायचा, एवढं आईने शिकवलं होतं. पुरा न झालेल्या नवसाचं काय करायचं हे तिने सांगितलं नाही. बाबांच्या वेळी सोडलेला भात तिने बाबा गेल्यावर कधी खाल्ला, तेही मला आठवत नाही. मी चहा घेत नव्हते, कशासाठी घेत नाही हे मात्र आता मला सांगता आलं नसतं.

गेल्या रविवारी दुपारी इरा आली. शाळेच्या फॉर्मलला, म्हणजे बारावीच्या निरोपाच्या पार्टीला तिला आईची जांभळी साडी नेसायची आहे. ब्लाउज घेऊन आली होती, जूनमध्ये मी आत घेतलेला. तिच्या अंगाला तो घट्ट होतो. "कॅन यू लेट इट आउट, मावशी?" तिने विचारलं. मी म्हणाले, होईल, आत कापड आहे. मी कधीच जास्तीचं कापड कापून टाकत नाही. माणसं परत भरतात, हा माझा अनुभव आहे. इराचं माप लिहायला मी वही उघडली, ती वैजूच्याच पानावर उघडली. तेहतीस, एकतीस, तीस, साडेअठ्ठावीस. आकड्यांच्या बाजूला, आकड्यांवर, गोल. फेब्रुवारीचा, एप्रिलचा, जूनचा. मी माप लिहायचे आणि ती त्यावर कप ठेवायची. सगळं त्या पानावर होतं, आणि मी दर वेळी डागांवरून ओरडत होते.

मी उसवायला बसले. इरा न विचारता स्वयंपाकघरात गेली. तिने पिशवीतून गवती चहा आणला होता. कुंपणालगतचं बेट म्हणे पुन्हा भरलंय. दोन कप घेऊन आली, आईच्या स्टुलावर बसली, आणि एक कप माझ्यापुढे वहीवर ठेवला. टेबल रिकामं होतं, खिडकीची कडही. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मम सेड यू'ड येल, तू ओरडशील म्हणून," इरा म्हणाली.

चहा मी निवू दिला नाही. साखर फार होती, मला विचारलं नव्हतं. घोट गिळताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि राग जागचा हलला नव्हता, दोन्ही एकदम. कप उचलला तेव्हा पानावर, साडेअठ्ठावीसच्या खाली, ओला गोल उमटलेला होता. वैजू, हा तू मागितलेला कप. मी उशिरा प्यायले, मान्य आहे. पण उशीर आधी तू केलास.